वाट चुलीपासून जाते

"इचारलंस ना? तोंडावर इचारलंस!"

"आई, चुकून निघालं हो तोंडातून."

"चुकून कसं निघंल? माजा एक पाय उंबऱ्याबाहेर, एक पाय हवेत, आणि तुजं तोंड उघडलं. 'आई, कुठे चाललात?' कुठं! निघालेल्या माणसाला कुणी कुठं इचारतं? तुमच्या मुरबाडला इचारतात?"

"मुरबाडला कुणाला वेळच नसतो विचारायला."

"मंग हितं कसा घावला गो?"

ठकीनं हवेतला पाय मागं घेतला, हातातली पिशवी भिंतीला टेकवली आणि चुलीपासल्या पाटावर बसली. नवं लुगडं कडक होतं, ते बसताना कागदासारखं वाजलं. निघालेल्या माणसाला कुणी 'कुठं' विचारलं की त्याचं काम बिघडलंच. त्यावर उपाय एकच. माघारी यायचं, टेकायचं, घोटभर पाणी प्यायचं, आपण कुठं निघालोच नव्हतो असा चेहरा करायचा आणि मग नव्यानं निघायचं. बोरीच्या पाड्यात हे पोराला रांगतानाच कळतं.

तिकडं सडकेवरून भगीरथच्या टमटमचा भोंगा आला.

"घ्या," मनस्वीनं पाण्याचा तांब्या पुढं केला. "दोन घोट घ्या आणि पळा. अजून मिळेल."

"दोन घोट घ्या आणि पळा? टेकल्यासारखं टेकायला नको? वरच्याला काय डोळे नायत?"

भोंगा पुन्हा वाजला. मग इंजिन खोकलं, मग आवाज किन्हवलीच्या बाजूला बारीक बारीक होत गेला. ठकी पाणी पीत राहिली. तिच्या दुसऱ्या हातात एक कुलूप होतं. कोरं करकरीत, किमतीची चिठ्ठीसुद्धा अजून चिकटलेली.

"गेली जत्रा," ती म्हणाली.

"अजून चार दिवस आहे जत्रा. उद्या जा."

"उद्या तू काय मुकी होणार हायस?"

एवढ्यात सडकेकडच्या मागच्या दारानं दीपेश आत आला. ठकीचा मुलगा, मनस्वीचा नवरा, आसनगावच्या गोदामात रात्रपाळी करून परतलेला. त्यानं आईकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं, "येतो हां," म्हणाला आणि न थांबता पुढच्या दारानं निघून गेला. घरात भांडण दिसलं की दीपेश वाटसरू होत असे. या घरात ते सोपं होतं.

सोपं कसं, ते कळायला कमळूचा आळस कळायला हवा.

ठकी लग्न होऊन आली तेव्हा हे घर नव्हतं. पहिल्याच उन्हाळ्यात भावाभावांत वाटणी झाली आणि तिचा नवरा कमळू याच्या वाट्याला आली एक चिंचोळी पट्टी. एका अंगाला ओहोळ, पावसाळ्यात छातीएवढा. दुसऱ्या अंगाला सावळारामच्या बापाचं भातशेत, त्याला शेराचं दाट कुंपण. आणि पट्टीच्या मधोमध पाड्याची वाट. पाडा आत, सडक बाहेर. दळणाला, बाजाराला, दवाखान्याला, सोयरिकीला जायचं तर ह्याच वाटेनं.

कमळू वाईट नव्हता. हात उचलला नाही, दारूला शिवला नाही. त्याला फक्त खणायचा कंटाळा होता. त्यानं वाटेवर टाच आपटून ठकीला दाखवलं होतं, "बघ गो. आज्यापणज्यांनी तुडवून कशी फरशी केलीय. हितं पाया कशाला खणायचा? अशाच उचलायच्या भिंती."

"आणि माणसं?"

"माणसांना काय झालं? वळसा घालतील."

माणसांनी वळसा घातला नाही. कुठून घालणार? घरभरणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सावळाराम डोक्यावर गवताचा भारा घेऊन आला. तेव्हा त्याला नुकती मिसरूड फुटलेली. अंगणात थांबून त्यानं घर खालून वरपर्यंत न्याहाळलं. "ब्येस झालंय, कमळूदादा," म्हणाला. "जरा सरक." आणि आत शिरला. ओटी ओलांडली, माजघर ओलांडलं, चुलीपाशी आला आणि मागच्या भिंतीसमोर भारा घेऊन उभा राहिला. मागून लहानी आली दळणाचा डबा घेऊन, ती सावळारामच्या मागं उभी राहिली. तिच्यामागं आणखी कोण कोण. बघता बघता रांग ओटीपर्यंत गेली. कुणी चिडलं नाही, कुणी ओरडलं नाही. रेल्वेचं फाटक पडल्यावर उभं राहावं तसे सगळे भिंतीकडं बघत उभे.

नवी नवरी ठकी त्या रांगेच्या मधोमध भाकरी थापत होती. शेवटी तिनंच नवऱ्याला सांगितलं, "पाडा ती भिंत. भाकर करपतेय माजी."

दुपारपर्यंत कमळूनं भिंतीला भगदाड पाडलं. पुढं त्याला चौकट बसली, दार बसलं. पण दार लावायची पाळी कधी आली नाही.

मग माणसांना सवय झाली आणि सवयीला नियम आले. जाणाऱ्यानं टोपात डोकवायचं नाही. घरात भांडण चालू असेल तर पुढं बघून चालायचं, आणि भांडणाऱ्यांनी तेवढ्यापुरता आवाज खाली घ्यायचा. वरात आली तर वाजंत्रीवाल्यांनी ओटीपासून मागच्या दारापर्यंत नुसतं चालायचं, वाजवायचं नाही, कारण एकदा ढोलाच्या दणक्यानं फळीवरची बरणी पडली होती. जेवायला बसलं की मात्र पंचाईत. दारावरून कुणी जाताना दिसला तर "या जेवायला" म्हणायला लागतं, ते सगळीकडंच. इथं तर माणसं दारावरून नाही, ताटावरून जायची. "या जेवायला." "होऊ द्या, होऊ द्या." "या जेवायला." "बसा, आताच झालं." कमळूचा घास तोंडापर्यंत जायचा, खाली यायचा. आयुष्यभर तो गार भात जेवला आणि शेवटी गेला तोही ह्याच वाटेनं, मागच्या दारानं, खांद्यांवरून. त्या दिवशी पाड्यानं पहिल्यांदा अंगणात ताटकळून आधी त्याला जाऊ दिलं.

ठकी रोज करवादायची. करवादायची कुणापाशी? तर जाणाऱ्यांपाशीच.

"वैताग आलाय या वाटेचा," ती चुलीत लाकूड सारत म्हणायची.

"खरं हाय, वयनी," सावळाराम भारा सावरत थांबायचा. "माणसांना अक्कल नाय." आणि मागच्या दारानं जायचा.

सावळारामला तर ही वाट इथंच हवी होती. वाट ठकीच्या घरातून होती म्हणून त्याच्या शेतातून नव्हती.

या सगळ्यात ठकीचं एकच अडलं. तिला म्हशाची जत्रा बघायची होती. पौषात म्हशाची जत्रा भरली की सगळा पाडा तिच्या चुलीपासून जायचा, नवे कपडे घालून, तेल लावून. आणि येताना सगळा पाडा तिच्या चुलीपासून यायचा. घोंगड्या, पाट्या, पिपाण्या, शिंगं रंगवलेले बैल. येणारा जो तो तिच्या हातावर कागदाच्या पुडीतलं काहीतरी ठेवायचा, कधी शेव, कधी खजूर, कधी पाघळलेली मिठाई. म्हशाची जत्रा ठकीनं खाल्ली होती, हुंगली होती, जत्रेतून आणलेला बैल तर तिच्या चुलीपुढं शेण टाकून गेला होता. बघायची तेवढी राहिली होती. लहानी सांगायची, तिथं आकाशपाळणा असतो. वर गेलं की खालचे बैल कोंबड्यांएवढे दिसतात. ठकीला ते कोंबड्यांएवढे बैल बघायचे होते.

पण घर कुणावर टाकणार? ज्या घरातून वाट जाते त्याला कुलूप कसं लावायचं? भररस्त्याला कुणी कुलूप लावतं? आणि उघडं टाकलं तर शेरडं चुलीत, कुत्री टोपात. कमळू होता तेव्हा कमळू जत्रेला जायचा, "पुढल्या साली तू जा," म्हणायचा. पुढलं साल आलं, मग त्याच्या पुढलं आलं.

मग घरात मनस्वी आली.

मनस्वी मुरबाडची. तिच्या माहेरच्या दाराला आतून कडी, बाहेरून कडी आणि वर साखळी. लग्नानंतर पहिल्या सकाळी ती चुलीपाशी केस विंचरत बसली असताना समोरून डोंगराकडच्या वाडीतली रखमी लाकडाची मोळी घेऊन आली, "नवी सून का? चांगली हाय," असं ठकीला सांगून गेली. मनस्वीचा फणी धरलेला हात तसाच राहिला. दिवस मावळेपर्यंत तिला पाड्यातल्या बहुतेक सगळ्यांनी विंचरताना बघितलं, कारण तिला थांबायचं सुचेना.

मनस्वी शिकत होती. एम. ए., भूगोल. ठकीला वाटायचं भूगोल म्हणजे नद्या नि डोंगर. मनस्वीचा भूगोल वेगळाच निघाला.

"आमचा आर्थिक भूगोल आहे, आई. माणूस कुठून निघतो, कुठे जातो, कशाला जातो, कुठल्या वाटेनं जातो, याचा अभ्यास. त्यावरून कळतं बाजार कुठे भरतो, दुकान कुठे चालतं, गाव कुठल्या अंगानं वाढतं."

"आणि हे शिकायला पैसं भरलंस?"

"भरले ना."

"माज्या चुलीपाशी बसली असतीस तर फुकट कळलं असतं."

ठकी चेष्टेत म्हणाली, पण मनस्वीच्या डोक्यात दिवा लागला. तिच्या वर्गातल्या पोरी मुरबाडच्या स्टँडवर उन्हात उभ्या राहून येणाऱ्याजाणाऱ्याला गाठत होत्या. हिच्याकडं तर सगळा गाव चालत घरात येत होता. तिनं सरांना फोन लावला. फोन स्पीकरवर होता, म्हणून ठकीनंही ऐकलं.

"सगळी वाहतूक तुझ्या घराजवळून जाते म्हणतेस?"

"घराजवळून नाही सर. घरातून."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मनस्वी," सर म्हणाले, "ते घर सोडू नकोस."

दुसऱ्या दिवसापासून मनस्वी एका मांडीवर परात आणि दुसऱ्या मांडीवर वही घेऊन चुलीपाशी बसली. पहिला आला सावळाराम.

"काका, कुठे चाललात?"

सावळारामचा उचललेला पाय तिथंच थांबला. त्यानं ठकीकडं पाहिलं. ठकीनं कपाळावर हात मारला. सावळारामनं डोक्यावरची पाटी उतरवली, भिंतीला टेकून बसला आणि म्हणाला, "वयनी, पाणी द्या."

मग लहानी आली. "मावशी, कुठे चाललात?" लहानी बसली. रखमी आली, तिला विचारलं, मोळी उतरवून ती बसली. पाणी झालं, पाण्यावर चहा झाला. बसलेला माणूस उठून निघाला की मनस्वी पुन्हा वही उघडायची, कारण मघाचं उत्तर राहिलेलं. "हां काका, आता सांगा, कुठे?" की सावळाराम पुन्हा खाली.

"अगो, त्याला सुटू दे!" ठकी ओरडली. "सकाळपासून तिसरा तांब्या चाललाय त्याचा."

"एक शब्द सांगायचाय, आई. गावाचं नाव सांगा आणि जा."

"तो सांगल तर काम होईल का त्याचं?"

दुपारी सडकेवर भगीरथची टमटम रिकामी उभी होती. टमटम भरल्याशिवाय भगीरथ हलत नसे. आज भरेनाच. म्हणून तो गिऱ्हाईक शोधत वाटेनं उलटा आला, मागच्या दारानं आत शिरला आणि बघतो तो अख्खी टमटम चुलीभोवती बसलेली.

"काय रे हे? मयत झालंय का कुणी?"

"नाय," सावळाराम म्हणाला. "कुठं इचारलंय."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

"बरं मंग उठा आता, मी निघतो."

"दादा," मनस्वीनं पान उलटलं, "तुम्ही कुठे चाललात?"

भगीरथ बसला. त्याच्या गाडीचा धंदा तर सगळा कुठंतरी जाण्यावरच होता. तो दोन तांबे पाणी प्यायला.

आठवडाभर हे चाललं. किन्हवलीच्या बाजारात बोरीच्या पाड्याची भाजी पोचेना. मनस्वीला कुणीतरी सांगितलं की कुठं न म्हणता 'लांब निघालात का?' असं विचारावं, त्यात दोष नाही. तिनं तसं विचारून बघितलं. सगळे म्हणाले, "हां, लांब." तिनं ते नकाशावर घातलं. सरांनी फोनवर विचारलं, "हे लांब नावाचं गाव कुठल्या तालुक्यात येतं? लोकांचा फार ओढा दिसतो तिकडे." झालं, पुन्हा 'कुठे' सुरू.

आणि मग एका सकाळी कुणी आलंच नाही.

ठकीनं भाकरी थापली, दुसरी थापली. दाराकडं बघितलं. अंगणात कोंबडी होती, बाकी कुणी नाही. ती ओटीवर जाऊन उभी राहिली, तेव्हा तिला दिसलं. ओहोळ आटलेला, भात कापून शेतं मोकळी, आणि सावळारामच्या शेराच्या कुंपणाला एक भोक. त्या भोकातून लहानी वाकून जात होती. तिच्यामागं रखमी मोळी आडवी करून घुसवत होती. पलीकडं सावळारामनं नुकता वाल पेरलेला. वालाच्या कोवळ्या रोपांवरून पाड्याची नवी वाट पडत होती आणि सावळाराम बांधावर उभा राहून ओरडत होता, "वाट तिकडं हाय! बापजाद्यांची वाट ठकीच्या घरातून हाय! सरकार दरबारी वहिवाट हाय ती!"

"तिकडं सून इचारती!" लहानी भोकातून ओरडली.

ठकी ते बघत उभी राहिली. मग आत आली, पाटावर बसली आणि ऊन-ऊन भात जेवली. कुणाला 'या जेवायला' म्हणावं लागलं नाही. जेवण इतक्या लवकर संपलं की पुढं काय करायचं ते तिला कळेना. घर कसं मोठं मोठं वाटायला लागलं. तिनं मागचं दार ढकलून बघितलं. इतक्या वर्षांत न लागलेलं दार कुरकुरत आलं आणि चौकटीला टेकलं. तिनं ते उघडलं. पुन्हा लावलं.

संध्याकाळी तिनं दीपेशला सांगितलं, "मागल्या दाराला आतून आडणा कर, पुढल्याला कोयंडा बसव. आणि आसनगावास्नं कुलूप आण. म्हशाची जत्रा लागलीय. सून वहीत डोकं घालून बसती, तिच्यावर घर नाय टाकायचं मला."

तिकडं मनस्वीच्या तोंडचं पाणी पळालं. सरांनी तिला आदल्याच दिवशी कळवलं होतं, ते स्वतः पाहणीला येणार. "असं उदाहरण जगात नसेल, मनस्वी. मला ती वाट चालताना बघायचीय." आणि इथं वाटेवर एक कोंबडी.

सावळारामनं तिला गाठलं. "पोरी, तू इचारायचं बंद कर, मी माणसं आणतो. माजा वाल मरतोय."

"आणि मी जाणार कधी?" ठकीनं विचारलं.

"वयनी, पुढल्या साली जावा की."

"पाऊस पडला की ओहोळ भरंल, तुजा भात लागंल, मंग हायच की सगळे माज्या घरात! चार दिवस माजं घर बंद राहिलं तर तुजा वाल काय रडंल?"

"रडंल," सावळाराम म्हणाला.

पहिल्या खेपेला ठकी कुलूप घेऊन निघाली तेव्हा मनस्वी धावत आली, "आई, कुठे?" ते खरंच चुकून होतं. दुसऱ्या खेपेचं, टमटम चुकली तेव्हाचं, सुरुवातीलाच सांगितलं; तेव्हाही मनस्वी 'चुकून' म्हणाली. त्यावर ठकीचा विश्वास बसला नाही, आणि मनस्वीचाही स्वतःवर फारसा बसला नसावा, कारण त्या दिवशी तिनं सासूला न सांगता तिच्या पानात जास्तीचं तूप वाढलं.

सर आले ते जत्रेच्या शेवटच्या दिवशी. भगीरथ आज थेट म्हशापर्यंत टमटम नेणार होता, शेवटची फेरी. ठकीनं पहाटेच नवं लुगडं नेसलं, पिशवी भरली, कुलूप कनवटीला लावलं आणि पाटावर बसली.

सर मुरबाडहून मोटारसायकलवर आले. बारीक, उत्साही, गळ्यात कॅमेरा. मनस्वीनं त्यांना चुलीशेजारी खुर्ची दिली. "इथून सगळं दिसतं, सर."

"लोक कधी येतात?"

"आता येतीलच," मनस्वी म्हणाली आणि ओटीकडं बघून खोकली.

सावळाराम आत आला. डोक्यावर पाटी. त्यामागं लहानी, दळणाचा डबा. त्यामागं रखमी. अख्खा पाडा सावळारामनं पुढं धरणाऱ्या वालाच्या शेंगांचं आमिष दाखवून गोळा केला होता. पण माणसांना जायचं कुठं नव्हतंच, बाजार काल होऊन गेलेला. म्हणून सगळे मागच्या दारानं बाहेर पडायचे, घराला वळसा घालून कुंपणाच्या भोकातून पुन्हा अंगणात यायचे आणि पुन्हा आत शिरायचे. ज्या वळशासाठी कमळू आयुष्यभर थांबला, तो पाड्यानं आज घातला.

"वा," सर म्हणाले. "काय वर्दळ आहे."

सावळाराम पुन्हा आला.

"हे गृहस्थ मघा गेले ना?"

"भाऊ आहेत त्यांचे," मनस्वी म्हणाली.

सावळाराम तिसऱ्यांदा आला. सरांनी वर पाहिलं. "मोठं कुटुंब दिसतंय," ते म्हणाले आणि त्यांनी फोटो काढला. सावळाराम फोटोसाठी थांबला, तशी मागची रांग त्याच्या पाठीवर आदळली. लहानीच्या डब्याचं झाकण पडलं. डबा रिकामा होता. सरांनी तेही टिपलं, "रिकामा डबा, परतीचा प्रवास."

"या चा प्यायला," ठकी एकेकाला म्हणत होती, आवाजात करवंदाचा आंबटपणा. "या. तुमीही या. तुमी आताच येऊन गेलात, परत या."

"होऊ द्या, वयनी," सावळाराम मान खाली घालून म्हणाला.

सडकेवर भोंगा वाजला. ठकीचा हात कनवटीवर गेला. पण घरात रांग चालू होती आणि रांगेच्या अंगावर कुलूप घालता येत नाही.

सरांनी गुडघ्यांवर मनस्वीचा नकाशा पसरला. मोठा कागद, त्यावर रंगीत रेघा. डोंगराकडून, पाड्याकडून, किन्हवलीकडून, शेणव्याकडून आलेल्या सगळ्या रेघा कागदाच्या मधोमध एका जागी येऊन गाठ झालेल्या. ठकी वाकून बघायला लागली.

"हे काय हाय?"

"ही आपली माणसं, आई," मनस्वी जवळ सरकली. "ही निळी रेघ सावळारामकाकांची. ही रखमीची, बघा डोंगरातून निघते ती थेट किन्हवलीपर्यंत जाते. ही दीपेशची, पार आसनगावपर्यंत."

"आणि ही तांबडी? मुरबाडच्या पुढं गेलेली?"

"ती म्हशाची. जत्रेला जातात ना सगळे."

ठकीनं तांबड्या रेघेवरून बोट नेलं. बोटाला पीठ होतं, ते रेघेवर सांडत गेलं. "सगळ्यांच्या रेघा हायत यात?"

"सगळ्यांच्या."

"माजी कंची?"

मनस्वीनं मधल्या गाठीवर बोट ठेवलं, जिथं काळ्या शाईनं एक गोल भरला होता. "तुम्ही हा ठिपका."

"ठिपका?"

"आजी, ठिपक्यालाच किंमत आहे," सर मनापासून म्हणाले. "बाकीचे येतात, जातात. तुम्ही स्थिर आहात. हा सगळा अभ्यास तुमच्यावर उभा आहे. तुम्ही इथून हललात ना, तर यातल्या एकाही रेघेला अर्थ उरणार नाही."

ठकीनं ठिपका नीट बघितला. अंगठ्यानं पुसून बघितला. शाई पक्की होती.

भोंगा दुसऱ्यांदा वाजला, लांबलचक. भगीरथ भोंग्यावर हात ठेवूनच बसला असावा.

ठकी पाटावरून उठली. पिशवी काखेत मारली. कनवटीचं कुलूप सोडलं आणि सरांच्या मांडीवरच्या नकाशावर, मधोमध ठेवलं.

"ठिपका तर पायजेच की," ती म्हणाली. "तुमी बसा. भात शिजत आला की खाली उतरवा. शेरडू आलं तर हाड म्हणा."

"अहो, पण मी पाहणीला..."

"बसल्या बसल्या दिसतं सगळं. मी हितनंच बघत आले."

ती रांगेत शिरली. सावळाराम पाचव्यांदा का सहाव्यांदा येत होता, त्याला तिनं कोपरानं बाजूला सारलं, "जरा सरक," आणि मागच्या उंबऱ्यापाशी पोचली. तेव्हा मनस्वीला उमगलं की सर कागदाकडं बघत नाहीत, रिकाम्या पाटाकडं बघतायत, आणि चुलीवर भात उकळतोय आणि सासू चालली. या घरात निघालेल्या माणसाला खाली बसवणारं वाक्य एकच होतं. या खेपेला ते चुकून निघालं नाही.

"आई! कुठे चाललात?"

रांग जिथल्या तिथं थांबली. लहानीनं पदर तोंडाला लावला. रखमीनं सवयीनं मोळी उतरवून ठेवली. सावळारामनं कुणी न सांगता पाण्याचा तांब्या भरला, पाट पायानं ढकलत उंबऱ्यापर्यंत आणला आणि तांब्या पुढं धरला. "टेका, वयनी. इचारलंय."

ठकीनं तांब्या घेतला. पाटाकडं बघितलं, सुनेकडं बघितलं. उभ्यानंच, घटाघटा, सगळा तांब्या प्यायली. हनुवटीवरून ओघळलेलं पाणी नव्या लुगड्याच्या पदरानं पुसलं, रिकामा तांब्या मनस्वीच्या हातात दिला आणि मागच्या दारानं बाहेर पडली.